सोळा चोक चौसष्ट

मी धनगराची पोर, मंगळवेढ्याच्या पलीकडं आमची वस्ती, आणि आमचे आप्पा संध्याकाळी मेंढरं वाडग्यात घालताना दारात उभं राहून प्रत्येकाच्या पाठीला काठी लावून मोजायचे, एकेक, एकेक, आणि मला तर भूक लागलेली असायची, म्हणून मी म्हणायची, आप्पा, चार-चारनं मोजा की, लवकर उरकंल. मग ती काठी माझ्याच पाठीला टेकायची. म्हणायचे, हे एक जादा आलंय बघा, बोलकं मेंढरू. तर ते बोलकं मेंढरू शिकलं, सोलापूरला येऊन नर्स झालं, अंगावर कडक खळीचं पांढरंशुभ्र पातळ आलं, छातीला सेकंदकाट्याचं घड्याळ आलं, आणि काय सांगू तुम्हाला, मी चार-चारनं मोजायला लागले.

म्हणजे असं. हृदयाच्या पेशंटची नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची, हा नियम. नव्या पोरींना मीच शिकवायची, डोळे मोठे करून. बोटं मनगटावर ठेवा, अंगठा नको, अंगठ्याची स्वतःची नाडी लागते, तुम्ही स्वतःलाच मोजत बसाल. पाय अंगठ्यानं दाबा, खड्डा तसाच राहिला तर समजा पाणी साठलंय. नखं बघा, ओठ बघा, गळ्याची शीर फुगलीय का बघा, झोपायला किती उशा लागतात ते विचारा. हे सगळं सांगायची आणि स्वतः काय करायची? पंधरा सेकंद मोजायची आणि चारनं गुणायची. भरलेला वॉर्ड, बसलेला हात, सव्वीस वर्षांची नोकरी. मला कोण विचारणार?

दुष्काळाचं वर्ष होतं. पाण्याचे असे हाल की बादली दिसली की माणसं वळून बघायची. त्या वर्षी गोदाबाई आमच्या वॉर्डात आली, मंगळवेढ्याकडचीच, म्हणजे माझ्या माहेरचीच म्हणा. पाय सुजून खांब झालेले, आडवं झालं की धाप लागायची, बसूनच झोपायची. डॉक्टरांनी हृदयाची गोळी लिहिली, रोज सकाळी एक, आणि ती देण्याआधी नाडी बघायची, साठच्या खाली असली तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना बोलवायचं. लई ताकदीची गोळी ती. थोडी जास्त झाली तर ज्या हृदयाला सावरते त्यालाच धरते. मी रोज नाडी बघून माझ्या हातानं गोळी दिली, आणि आठ दिवसांत पाय उतरले, बाई आडवी झोपायला लागली, शेजारणीच्या सुनेची चौकशी करायला लागली. आम्ही म्हटलं, झालं, आता ही घरी जाणार.

मग तिनं जेवण टाकलं. भाकरीचा वास नको म्हणायची, उमळून येतंय म्हणायची. मी म्हटलं, हितल्या भाकरीचा मलाही नको होतो. आणि एका सकाळी माझ्याकडं टक लावून बघते आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणते, बाई, तुमी पातळ धुवत न्हाय व्हय? पिवळं पडलंय की.

माझं पातळ! अहो, माझ्या पातळाची घडी बघायला पोरी यायच्या. मी काय केलं असेल? गोदाबाईला तपासलं? छे. घरी जाऊन, दुष्काळात, प्यायच्या पाण्यातल्या दोन बादल्या ओतून सगळी पातळं धुतली आणि रागारागानं मूठभर नीळ घातली. एरवी चिमूट पुरते. घरचे बोलले ते बोलले.

दुसऱ्या दिवशी नटीसारखी चालत गेले आणि तिच्या खाटेपुढं उभी राहिले. म्हटलं, आता बोला. म्हणते, न्हाय वो बाई, आजून पिवळंच हाय. आमची आया लक्ष्मीअक्का, तेलुगू बाई, तिचा नवरा गिरणीत सूत रंगवायच्या खात्यात, रंगात तिला कोण फसवणार? ती म्हणाली, काय बोलते ही? आणि आपल्या पिशवीतला पांढऱ्या सुताचा गुंडा गोदाबाईपुढं धरला. हा कसला रंग? हळदीचा. हे दूध? पिवळं. ही भिंत? पिवळीच की, समदंच पिवळं हाय, चार दिस झालं.

चार दिवस! कावीळ म्हणून पापणी खाली ओढली, तर डोळे पांढरेफेक. एका हातात तिचं मनगट, दुसऱ्या हातात ती गोळी. पंधरा सेकंद मोजले. सोळा. सोळा चोक चौसष्ट. म्हणजे द्यायला हरकत नाही. पण काय झालं कोण जाणे, बोटं उचलली नाहीत मी. विसाव्या सेकंदाला नाडी अडखळली. एक ठोका, मग रिकामं. एक ठोका, मग रिकामं. नळी छातीला लावली तर आत दोन-दोन ठोके जोडीनं पडत होते, आणि जोडीतला दुसरा मनगटापर्यंत पोचतच नव्हता. पूर्ण मिनिटाची मनगटाची नाडी अठ्ठेचाळीस. मी गोळी मुठीत धरली आणि धावले. पातळ सावरत धावले, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

डॉक्टर आले, ईसीजीची पट्टी काढून बघितली, आणि म्हणाले, सिस्टर, ही गोळी अंगात भिनलीय, पिवळं दिसतं ते त्यानंच, पण एका गोळीनं एवढं कसं? आजी, आणखी काय खाता? गोदाबाईनं निवांत पदराची गाठ सोडली. आत तीच गोळी, कागदात बांधलेली. म्हणते, आमच्या गावच्या डाक्टरनं सांगितलंय, एक दिस बी चुकवायची न्हाय. तुमची सकाळी, त्यांची संध्याकाळी. आन् कुणी इचारलं न्हाय की मला.

खरंच कुणी विचारलं नव्हतं. मी तिला किती लेकरं ते विचारलं, किती उशा ते विचारलं, पदरात काय ते नाही. आणि डॉक्टर माझा चार्ट बघत म्हणाले, पण नाडी तर रोज चांगलीच आहे, अडुसष्ट, चौसष्ट, बहात्तर, चौसष्ट. मी बघितलं. सगळे आकडे चारच्या पाढ्यातले! माणसाचं हृदय काय पाढे म्हणतं? तिथंच सांगून टाकलं, साहेब, मी पाव मिनिटच मोजते. माझ्या मुलाच्या वयाचा पोरगा तो. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, आता ही वाचेपर्यंत तुम्हीच मोजा.

मोजलं. गोळ्या बंद, आणि दर तासाला छातीवर नळी ठेवून पूर्ण मिनिट, एकेक, एकेक. दोन दिवस ती जोडी तुटेना. मी देवाला काय काय बोलले ते लिहू नका. तिसऱ्या दिवशी ठोके ओळीनं यायला लागले, पाचव्या दिवशी भाकरी मागितली, आणि सातव्या सकाळी माझ्याकडं बघून किंचाळली, बाई, आता तुमी निळ्या दिसायला लागला!

डॉक्टर पळत आले. आता हे काय नवीन? लक्ष्मीअक्का पोट धरून हसत होती. म्हणाली, साहेब, तिचे डोळे बरे झाले. निळीच आहे ही!

ते निळसर पातळ अजून वापरते मी, आता निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत. गोदाबाई तपासायला येते, पदराची गाठ आधी सोडून दाखवते, आणि मला ज्वारीच्या लाह्या देते. बरं चाललंय तिचं, देवानं असंच चालवावं.

तुम्ही किती वेळ लिहिताय, चेहरा उतरलाय तुमचा. आणा हात इकडं. घरची कुठली गोळी घेता का, आधी ते सांगा. आणि आता बोलू नका, मला पूर्ण मिनिट लागतं.