ओले करंडे

मंडळी,

मला चार माणसांत बोलता येत नाही. इथे बसलेल्या बहुतेकांना ते माहीत आहे. तालुका कचेरीत मी कारकून आहे, तिथेही माझं काम लिहायचं. इनास मला मुका म्हणायचा. किल्ल्याच्या बुरुजावर बसलो की दर रविवारी त्याचं एकच, "ए मुक्या, आज तरी तोंड उघड."

आज उघडतो, इनास.

आपण लांबून लांबून आलात. बोळिंजहून आलात, आगाशीहून आलात, पाचूबंदरातून आलात. इनासची आई, आपली मोनीमावशी, पुढे बसली आहे. फादर आले आहेत. अशा वेळी सगळ्यांचे आभार मानावेत, गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोलावेत आणि जागेवर जाऊन बसावं, अशी रीत आहे. ते माझ्याने होणार नाही. बोलायला उभा राहिलो तेव्हा मी अध्यक्षांना नमस्कार केला नाही, हे काहींच्या लक्षात आलं असेल. मी विसरलो नाही.

आधी इनासबद्दल सांगतो.

इनास आपल्या भागातला पहिला वैमानिक. लढाई संपली, विमानं स्वस्तात निघाली, नव्या नव्या कंपन्या सुरू झाल्या, आणि जुहूला विमान शिकलेला आपला इनास अशाच एका कंपनीत डाकोटा, दोन इंजिनांचं विमान, चालवायला लागला. सुट्टीला घरी आला की रविवारी संध्याकाळी तो, शाळेतले विज्ञानाचे मास्तर आणि मी, असे तिघे बुरुजावर बसायचो. कधी आणखी कोणी यायचं. खाडीवरून सांताक्रूझला उतरणारी विमानं तिथून दिसतात. ती बघायची आणि त्यांच्याबद्दल भांडायचं. दुसरा धंदा नव्हता.

मास्तरांचं लाडकं विमान स्पिटफायर, लढाऊ. त्यांनी ते फक्त चित्रात बघितलं होतं, पण बोलायचे असे की जणू रोज त्यातूनच शाळेत येतात. मला आवडायचं कॅटालिना, पाण्यावर उतरणारं. इनास म्हणायचा, "मुक्याला विमान नकोच आहे, मचवा हवाय." आणि इनासची लाडकी डाकोटा. मास्तर तिला म्हैस म्हणायचे. इनास चिडायचा नाही. म्हणायचा, "म्हैसच आहे, मास्तर. तुमचा तो घोडा एका गोळीत आडवा होतो. माझी म्हैस एका इंजिनावर घरी येते. फक्त तिच्या पाठीवर बेताचं ओझं घाला."

हे वाक्य लक्षात ठेवा, मंडळी. एका इंजिनावर घरी येते. ओझं बेताचं असेल तर.

बुरुजावर आमची एक रीत होती. विमानांच्या गोष्टी निघाल्या की फजितीच्या गोष्टी निघायच्याच. कोण कुठे आपटला, कोणाचं चाक निखळलं, कोण ढगात वाट चुकून भलत्याच गावी उतरला. पण गोष्ट संपली की चूक कोणाची ते ठरवायचं. "विमान पडलं" असं म्हणायला तिथे बंदी होती. मास्तर म्हणायचे, "विमान आपणहून पडत नाही. कोणीतरी पाडतं. कोणी पाडलं ते सांगा." आणि ज्याची चूक ठरेल तो समोर असला, तर त्याने कट्ट्यावरून उतरायचं आणि खाली जमिनीवर बसायचं. ती संध्याकाळभर उठायचं नाही. डोक्यावरून विमान आलं की आम्ही सगळे बघायला उभे राहायचो. त्याने बसूनच राहायचं. पोरखेळ होता, पण आम्ही तो मनापासून खेळायचो.

जमिनीवर सगळ्यात जास्त वेळा कोण बसला असेल? इनास. कारण स्वतःची चूक तो स्वतःच सांगायचा. शिकत होता तेव्हाची गोष्ट. जुहूहून छोटं टायगर मॉथ घेऊन निघाला, आईला दाखवायला म्हणून इकडे आला आणि पेट्रोल संपलं. उतरवलं भुईगावच्या वाळूत. विमानाचं नाक वाळूत, शेपूट वर. मासळी घेऊन निघालेली एक कोळीण पाटी डोक्यावर घेऊन बघत उभी राहिली. म्हणाली, "काय रं बाबा, रस्ता नाय गावला?" हा म्हणाला, "मावशी, पेट्रोल संपलं." त्यावर ती, "मंग निंगताना बगायचं नाय? आमी होरीत प्यायाचं पानी बगितल्याबिगर निंगतो का?"

ही गोष्ट त्याने आम्हाला सांगितली, आणि आम्ही काही बोलायच्या आत कट्ट्यावरून उतरून खाली बसला. म्हणाला, "चूक माझी. कोळीण बरोबर."

असा माणूस होता तो. म्हणून जी चूक त्याची नाही ती मी त्याच्या नावावर राहू देणार नाही.

आता मुद्द्यावर येतो.

इनास विमानासकट गेला, त्याची कंपनीने चौकशी केली. निकाल पेपरात आला. उड्डाणानंतर डावं इंजिन बंद पडलं, वैमानिकाने उंची राखली नाही, सबब चूक वैमानिकाची. ज्या दिवशी पेपर आला त्या दिवशी मोनीमावशी माझ्या घरी आली. दारातच उभी राहिली, आत येईना. म्हणाली, "तू शिकलेला हाय. मला खरं सांग. माजा इनास चुकला काय रं?"

आणि आज इथे, या सभेच्या सुरुवातीला, अध्यक्ष काय म्हणाले? "इनासच्या हातून चूक झाली असेल, पण तरुण रक्त होतं, आपण ती पोटात घालू." मावशीच्या समोर म्हणाले.

मावशी, तू मला विचारलंस त्याचं उत्तर मी आज देतो. सगळ्यांसमोर देतो.

त्या विमानात माणसं नव्हती. इनास आणि त्याचा जोडीदार, दोघेच. बाकी पानं होती. आपल्या मळ्यांतली खायची पानं. फाळणीनंतर गाडीने पाठवलेला माल हद्दीवर पडून सडायला लागला, म्हणून कराचीला पानं विमानाने जायला लागली. ती पाठवणारे व्यापारी आपले दामोदरशेट. त्या कंपनीचं मालाचं काम बघणारेही दामोदरशेट. आणि आजचे अध्यक्षही दामोदरशेटच.

तुमच्यापैकी किती जणांच्या घरी पानमळे आहेत! माझ्या घरीही आहे. मग मी जे सांगतो ते तुम्हाला नवं नाही. पान वाटेत सुकू नये म्हणून बांबूचा करंडा भरला की आपण त्याच्यावर पाणी मारतो. आणि पाणी कधी मारतो? वजन झाल्यावर. कोरडा करंडा काट्यावर, मग ओला करंडा गाडीत. आपल्या आज्यापणज्यांपासून हेच चालत आलं. त्यात कोणाला वावगं वाटलं नाही, कारण आगगाडीला त्याने काही होत नाही. इंजिन थोडं जास्त धापा टाकेल, बस.

विमानाला होतं.

इनास पहिल्यांदा हा माल घेऊन गेला, त्यानंतरच्या रविवारी बुरुजावर आला तो हसतच. म्हणाला, "मास्तर, म्हैस या खेपेला उठेचना. माडांचे शेंडे चाटत गेलो. कराचीला करंडे उतरवले तर खाली सगळं पाणी. कागदावर एक वजन आणि पोटात दुसरंच." मास्तरांनी विचारलं, "चूक कोणाची?" तो म्हणाला, "माझी. मी करंड्याला हात लावून बघितला नाही." आणि बसला खाली जमिनीवर. विमान आलं, आम्ही उभे राहिलो, तो खालूनच बघत राहिला. मग म्हणाला, "आता ओला करंडा माझ्या विमानात चढणार नाही."

मंडळी, तो आपला शब्द विसरला नाही. शेवटच्या दिवशी इनासने करंड्यांना हात लावून बघितला. ओले होते. त्याने ते खाली उतरवायला लावले. दामोदरशेट तिथे होते. त्यांचं आणि इनासचं जे बोलणं झालं ते ऐकणारा माणूस आहे.

शेट म्हणाले, "अरे, पाण्याचं कसलं वजन? कराची येईपर्यंत वाळून जाईल."

इनास म्हणाला, "वाळेल हो शेट. पण मला आधी उडायचंय."

शेट म्हणाले, "तुला जमत नसेल तर सांग. लढाईतून सुटलेले चार वैमानिक रोज दारात उभे असतात."

इनास म्हणाला, "मग त्यांना बोलवा. मी ओलं नेणार नाही."

करंडे खाली उतरले. जोडीदाराला घेऊन इनास पुढे आपल्या जागेवर जाऊन बसला, इंजिनं सुरू करायच्या तयारीला लागला. आणि मागच्या दारातून तेच करंडे पुन्हा आत चढवले गेले. शेटनी हाताने खूण केली.

नाही मास्तर, मला थांबवू नका. मी फार वेळ गप्प राहिलो आहे.

हे मला सांगितलं त्या करंड्यांना खांदा देणाऱ्या हमालाने. तो रडत होता. त्याचं नाव मी घेणार नाही, असा शब्द मी त्याला दिला आहे. तो इथे मागे बसला आहे. त्याचं पोट शेटच्या हातात आहे, म्हणून मी त्याला काहीही...

बाबू, तू कशाला उठलास? बस.

बसत नाहीस? बरं. उभा राहा मग. बघा मंडळी, मी नाव घेतलं नव्हतं. तो आपणहून उभा राहिला आहे. मागे वळून नीट बघून घ्या. पुन्हा चौकशी होईल तेव्हा हा माणूस साक्षीला येणार आहे. मी त्याच्याबरोबर जाणार आहे. अर्ज मी पाठवला आहे. तो फेटाळला तर दुसरा पाठवीन. मला दुसरं काही येत नाही, पण अर्ज लिहिता येतो.

इंजिन कोणाचंही बंद पडतं. इनासचं पडलं. पण त्याच्या हाताखाली कोरड्या मालाची डाकोटा असती तर ती एका इंजिनावर वळून परत आली असती. तो तसाच वळवायला गेला. त्याला वाटलं, म्हैस नेईल घरी. त्याला माहीत नव्हतं तिच्या पाठीवर काय चढवलंय. विमान चिखलात गेलं, खारफुटीत. लोक पोचले तेव्हा पाण्यावर आपली पानं तरंगत होती. हिरवीगार. ताजी. एकही सुकलेलं नव्हतं.

फादर, परवा चर्चमध्ये मिस्सेनंतर तुम्ही म्हणालात, क्षमा करा. मी मागे उभा राहून ऐकत होतो. तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण मी क्षमा करणार नाही. मोनीमावशीने केली तर तो तिचा मोठेपणा. मी तुमच्या धर्माचा नाही. मला पाप लागलं तर मी आणि माझा देव बघून घेऊ. मला सूड हवा आहे. शोकसभेत हा शब्द बोलू नये, मला कळतं. पण दुसरा शब्द बोललो तर खोटं बोलल्यासारखं होईल.

मी कोणाला मारणार नाही. कोणाच्या घराला आग लावणार नाही. मला इतकंच हवं आहे की यापुढे दामोदरशेट ज्या वाटेने जातील तिथे लोकांनी म्हणावं, यांनी विमान पाडलं. दुकानात म्हणावं, देवळात म्हणावं, लग्नात पंगतीला शेजारी बसले तर म्हणावं. त्यांनी आजन्म हे ऐकावं. माझे वडील परवा म्हणाले, "वेल उपटून टाकीन, पण त्याच्या करंड्यात माझं पान जाणार नाही." माझे वडील म्हातारे आहेत आणि पान हीच आमची भाकरी आहे. तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण घरी जाऊन ठरवा, आणि आपल्या मुलांसमोर ठरवा.

आणखी एक. इनासच्या फोटोला जो सगळ्यात मोठा हार होता तो इथे येताना मी उतरवून टेबलावर ठेवला. कोणी आणला होता ते तुम्हाला कळलं असेल. फुलं ताजी राहावीत म्हणून त्यावर पाणी मारलेलं होतं. मी हातात घेतला. जड होता हो. फार जड होता.

मावशी, तुझा इनास चुकला नाही. तो मला मुका म्हणायचा, पण तुला मी हे मोठ्याने सांगतो. तुझा इनास चुकला नाही.

आता त्याच्यासाठी आपण सगळे उभे राहू. मुलं, बायका, म्हातारी माणसं, ज्यांना जमेल ते सगळे. कोणी काही बोलायचं नाही. आता संध्याकाळ आहे, थोड्या वेळाने एक विमान खाडीवरून खाली येईल. त्याचा आवाज कानावर येऊन विरून जाईपर्यंत उभे राहू. इनासला तो आवाज ओळखू येतो.

उठा, मंडळी.

तुम्ही नाही, दामोदरशेट. तुम्ही खुर्चीवरून उतरा, आणि खाली जमिनीवर बसा.