आई नसलेला फोटो

भागवत : रडत आली तुझी आजी! उदगीरपासून जीपमधी रडत! दारात येऊन बघती तर तुझी आई भाकरी थापून राहिली. खालीच बसली म्हातारी. हे तुझं फोटोचं शिक्षण?

तनुजा : पप्पा, श्रद्धांजली मी लिहिली न्हाई. फोटो नांदेडला कॉलेजच्या प्रदर्शनात लावलाय. आपल्या गल्लीतल्या बबलूनं तिथं मोबाइलवर टिपून किल्लारीच्या ग्रुपवर टाकला. खाली कुणीतरी लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. मग सगळेच हात जोडत सुटले.

भागवत : जोडतीलच की! रानात मी आन् संगमेश काका खुर्चीत, मधली खुर्ची रिकामी. तिच्यावर तुझ्या आईचं खुरपं, खाली तिच्या चपला. जित्या माणसाला असं दाखवतात व्हय?

तनुजा : त्याला कन्सेप्च्युअल फोटोग्राफी म्हणतात. आधी मनात कल्पना, मग तिच्यासाठी फोटो मांडायचा. सर म्हणाले, पहिला फोटो घरातल्या खऱ्या गोष्टीवर काढा. मी सातबारा बघितला. तुमचं नाव हाय, काकाचं हाय. आई बावीस वर्षं त्याच रानात राबती, तिचं न्हाई. म्हणून खुर्ची रिकामी.

भागवत : आन् आम्हाला म्हणालीस, घरचा फोटो काढते! इस्त्रीचा शर्ट घालून बसलो मी. सगळ्या नांदेडला चोर म्हणून दाखवायला बसवलंस?

तनुजा : चोर कोण म्हणलं? फोटोचा एवढा राग आला तुम्हाला. सातबाऱ्याचा कधी आला का?

भागवत : शिवकांता! ऐकतीस का, लेक काय बोलून राहिली?

शिवकांता : (आतून येत) कवाची ऐकून राहिले. हळू बोला दोघंबी. मायचा आत्ता कुठं डोळा लागलाय.

तनुजा : आई, तू तरी सांग. त्यात खोटं काय हाय?

शिवकांता : खोटं काहीच न्हाई.

तनुजा : बघा, पप्पा!

शिवकांता : त्यांना काय दाखवतीस? माझ्याकडं बघ. त्या दिवशी मी कुठं होते?

तनुजा : बांधावर.

शिवकांता : हाव, बांधावर. चपला दे म्हणलीस, दिल्या. ढेकळात अनवाणी उभी राहिले. खुरपं दे म्हणलीस, दिलं. मला वाटलं, आता ये म्हणंल. तू म्हणलीस, आई, जरा मागं सरक, तुझी सावली पडून राहिली.

तनुजा : तसं न्हाई गं... कल्पनाच तशी होती.

शिवकांता : कल्पना तुझी, रान ह्यांचं. ह्यांनी कागदावर घेतलं न्हाई, तू फोटोत घेतलं न्हाई. आन् भांडण मात्र माझ्या नावानं! एकानं तरी मला विचारलं का?

भागवत : आगं, नावाचं काय एवढं. जाऊ की तलाठ्याकडं कधीतरी.

शिवकांता : कधीतरी न्हाई. सोमवारी. माय उठली की तिच्यासमोर सांगा.

भागवत : ...बरं. सोमवारी.

तनुजा : आई, मी तो फोटो प्रदर्शनातून काढून घेते. उद्या सकाळी दुसरा काढू. तू खुर्चीत बस, लग्नातली साडी नेसून...

शिवकांता : खुर्ची नको आन् लग्नातली साडीबी नको. रोजच्या साडीवर ह्यांचा जुना शर्ट घालून निंदायला बसते, तसंच काढ. मायलाबी घे माझ्या शेजारी. तिनं उभा जन्म दुसऱ्याच्याच नावाचं रान निंदलंय.

तनुजा : सकाळचं ऊन समोरून येईल. डोळे बारीक होतील तुमचे.

शिवकांता : होऊ दे. तोंड दिसलं म्हणजे झालं.