काचेच्या पेटीसमोरची रांग

संग्रहालयात आज मधमाश्यांचा दिवस होता, सहकुटुंब यायचा. माश्यांची काचेची पेटी बघायच्या रांगेत आजी नातीचा हात धरून उभ्या होत्या. पुढे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक.

"बाबा, नंतर मेणबत्त्या करू या का? पोरांबरोबर आपणही!"

"मला घरी ने."

"आत्ताच तर आलोय. आपल्या आजोबांचा, माश्यांना धूर द्यायचा डबा कपाटात मांडलाय, तो तरी बघा."

"तो मीच दिलाय यांना. दोनदा बघून झाला. का गं अडकवून ठेवलंयस मला?"

"काहीतरीच तुमचं."

"आपल्या घरच्या पेट्यांना रोग लागलाय. आतल्या अळ्या सडल्यात. तुम्ही भावंडं कुजबुजता, पण मला काय वास येत नाही होय?"

"बाबा, तपासायला आलेले साहेब म्हणाले, जाळायलाच हव्यात. तुमच्या डोळ्यांदेखत नको, म्हणून दादा..."

"बरोबर आहे त्यांचं. नाहीतर सगळीकडे पसरेल. रडू नकोस, लोक बघतायत. फक्त दादाला फोन कर. म्हणावं, अंधार पडल्यावर पेटव. दिवसा निम्म्या माश्या बाहेर असतात."

लेकीनं हातातला फोन पर्समध्ये टाकला.

"कर की."

"दादानं सकाळीच पेटवल्या, बाबा. आटोपलं म्हणून मघाशीच फोन आला."

पुढचं कुटुंब बाजूला झालं. "या आजोबा, तुमचा नंबर," पेटीजवळची मुलगी हसून म्हणाली.

म्हातारे जागचे हलले नाहीत.

"म्हणजे आत्ता परतत असतील गं त्या. पायांना पराग लावून, घरी."