साहेबांच्या गोमेदावरची रेघ

माझ्या स्वच्छतेच्या सवयीचं कौतुक करू नका. आणीबाणी नुकतीच उठली होती. माझी बदली साहेबांच्या सहीवर अडली होती आणि त्यांनी अंगठीतला गोमेद पॉलिश करायला मला पवनीच्या खडे घासणाऱ्या सीतारामजींकडे धाडलं.

सीतारामजी पाणी प्यायला उठले. पॉलिशच्या चाकावर धूळ दिसली, म्हणून मी शेजारच्या फडक्यानं ते पुसून ठेवलं. त्यांनी येऊन चाक फिरवलं, खडा टेकवला आणि कपाळावर हात मारला.

"कायले पुसलं हो बाबूजी? हा फडका घासायच्या चाकाचा हाय. त्याचे कुरुंदाचे खरखरीत कण पॉलिशच्या चाकाले लागले. हे पाहा, रेघ पडली!"

"निघेल ना?"

"काढतो म्हटलं तं खडा लहान होते. अंगठीत बसन नाही."

मी अंगठी साहेबांसमोर ठेवली. त्यांनी ती खिडकीशी नेली, रेघ पाहिली आणि सगळ्या ऑफिसला बोलावलं.

"बघा, असली गोमेदाची हीच खूण! नकलीत अशी रेघ सापडायची नाही."

बदलीवर सही झाली. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क चिंतेत माझ्या टेबलाशी आले. "तुमचे सीतारामजी बसतात कुठं? माझ्या खड्यात रेघच नाही हो."