जात्यात घास टाकायची जागा

तानबा : लिही. तुम्ही चोर आहात. तुम्ही मले नापास केलं, अन् माह्या मायची चाल दुसऱ्याच्या गळ्यातून रेडिओवर वाजवली.

रक्षा : बाबा, वर मी 'माननीय केंद्र संचालक साहेब' लिहिलंय. त्याच्या खाली लगेच चोर कसं लिहू?

तानबा : मंग वरचं खोड.

रक्षा : अर्ज आहे हा. आधी झालेलं सांगू, मग शिव्या देऊ. ऑडिशन कधीची?

तानबा : अठरा मार्च, अठ्ठ्याण्णव. आंजीहून पहिल्या एसटीनं नागपूरच्या रेडिओ केंद्रावर गेलो. पेटी मांडीवर, ढोलकीवाला चंद्रभान बाजूले. थितं आमाले काचेच्या खोलीत बसवलं. सायेब लोक काचेच्या पल्याड, आवाज डब्यातून ये. म्हणे, लोकगीत म्हणा. मी आपलं 'उजेड आला वं बाई' म्हटलं. दोन कडवे झाले नाई तं डबा बोलला, थांबा. म्हणे, हे कव्वालीसारखं वाटते, भजनासारखंही वाटते, लोकगीत कुठं हाये याच्यात? दुसरा म्हणे, तुमची लय तुटते. ओळीच्या मधातच थांबता. काऊन थांबता?

रक्षा : मग तुम्ही काय सांगितलं?

तानबा : काय सांगू? म्हटलं, आमच्यात असंच म्हणते.

रक्षा : म्हणजे तुम्हालाही माहीत नव्हतं.

तानबा : मायनं तसं शिकवलं, मी तसं म्हणतो. श्वास काऊन घेतो म्हणून कोणी इचारते का? नापासाचं कार्ड आलं पंधरा दिवसांनी. त्याचंही मले काही वाटलं नाई. पण परवा पानठेल्यावर भैय्याजीनं रेडिओ मोठा केला. म्हणे, तानबा, तुह्यं गाणं लागलं. ऐकतो तं कोणी बाई. शब्द माहेराचे, आंब्याच्या झाडाचे. चाल तीच. अन् आधी सांगितलं काय तं, चाल पारंपरिक.

रक्षा : तुम्हाला नेमकं काय पाहिजे त्यांच्याकडून? पुन्हा ऑडिशन?

तानबा : माह्यं काय अडलं. बुद्धजयंतीले म्हणतो, लग्नात म्हणतो, लोक ऐकते. तुही आजी अठ्ठ्याहत्तरची झाली. गाण्याच्या आधी नाव घेते ना रेडिओवाले? तसं एकदा घ्यावं. चाल, अनुसयाबाई. बस. तेवढंच.

रक्षा : मग नीट ऐका, कारण ते लोक पहिलं हेच विचारतील, चाल आजीचीच कशावरून? ही माझी वही बघा. गिरडच्या दर्ग्यावर उर्साला मी कॅसेट भरून आणली होती, त्यातली एक कव्वाली सरगममध्ये लिहिली. पलीकडच्या गल्लीतल्या सीताबाईंचं एकादशीचं भजन लिहिलं. हे तिसरं तुमचं. वाचा.

तानबा : मले तुह्या कॉलेजचं सारेगम कळत नाई.

रक्षा : तिन्हींचे सूर एकच आहेत, बाबा. एकही इकडचा तिकडे नाही. कव्वालीवाला एका ओळीला दहादा घोळवतो, दर वेळेला वर चढतो, टाळ्यांवर उडी मारतो. सीताबाई शेवटचं अक्षर इतकं ओढतात की टाळवाल्यांना कंटाळा येतो. तुम्ही सरळ म्हणता, चालता चालता बोलल्यासारखं. ऐकणाऱ्याला तीन गाणी वाटतात. कागदावर एकच आहे.

तानबा : म्हणजे तू त्याईच्या बाजूनं हायेस.

रक्षा : मी तुमच्या बाजूनं आहे म्हणून तर दाखवतेय. उद्या त्यांनी गिरडची कॅसेट लावली तर?

अनुसयाबाई : कवापासून भांडून राह्यले तुम्ही बापलेक. मह्या तुरीतले खडे निवडाचे राहून गेले आयकता आयकता. काय लिहून राह्यला वं तुहा बाप?

रक्षा : चाल तुझी आहे असं लिहितायत, आजी.

अनुसयाबाई : खोटं हाये ते. खोड.

तानबा : माय, तू चूप राह्य.

अनुसयाबाई : काऊन चूप राहू? मह्या नावानं लिहितं अन् मलेच चूप करतं? चाल माही नोहे. लहान होती मी, बापासंग बैलगाडीनं गिरडले गेलती. टेकडीवर एक आंधळा फकीर म्हणे. दिवसभर आयकलं. घरी आली तं डोक्यातून जाईच ना. मंग दळता दळता म्हणो. आमच्याजोळ उर्दू नाई, मंग आपल्याच मनाचे शब्द घातले.

रक्षा : आणि सीताबाईंकडे कशी गेली?

अनुसयाबाई : तिच्या सासूनं नेली ना! आम्ही त्याईच्या विहिरीवर चढो नाई, त्या मह्या दारात बसे नाई. पण आवाजाले कोण अडवते? भिंतीपल्याडून आयकलं अन् देवाच्या भजनात नेलं. मंग छप्पन साली आम्ही नागपूरले जाऊन दीक्षा घेतली. आल्यावर मी जुने शब्द टाकले, बाबासाहेबाचे घातले. जुने देव घरातून काढले, चाल नाई काढली. तिनं काय बिघडवलं होतं?

तानबा : झालं. अर्जाचा पायच मोडला मायनं.

रक्षा : आजी, एक सांग. बाबा त्या ओळीत मध्येच थांबतात ना, 'उजेड आला वं बाई' म्हणून? तो थांबा फकिराचा आहे का?

अनुसयाबाई : तो कायले थांबते? तो तं धावे.

रक्षा : कव्वालीत तिथं टाळी आहे. सीताबाईंच्या भजनात तिथं मृदंग आहे. मोकळी जागा फक्त बाबांच्या गाण्यात आहे. ती कुठून आली?

अनुसयाबाई : सोंग करतं का? घास नाई टाकाचा?

तानबा : कसला घास?

अनुसयाबाई : जात्यात! दाणे सरले की जातं हलकं फिरते, गोटा गोट्यावर घासते. डावा हात सुपात घालाव लागे, मूठ भराव लागे, जात्याच्या तोंडात टाकाव लागे. तवरीक गाणं कोण म्हणन? पाह्य.

(अनुसयाबाई मांडी घालून बसते, उजव्या हातानं नसलेलं जातं फिरवते. "उजेड आला वं बाई", डावा हात सुपाकडे जाऊन परत येतो, "माह्या उंबऱ्याच्या आत".)

रक्षा : बाबा, तुम्ही अगदी एवढंच थांबता. एका मुठीएवढं.

तानबा : जातं घरातून जाऊन तीस वर्षं झाले. चक्कीवर दळून आणतो आपण. अन् मी अजून घास टाकून राह्यलो?

अनुसयाबाई : तू मांडीवर निजला राहे ना. तुले झोपेतच शिकवलं मी.

तानबा : अन् त्या डब्यातल्या सायबाले मी म्हणतो, आमच्यात असंच म्हणते. लाज वाटली पाह्यजे मले. थांब, रक्षा. त्या रेडिओवरच्या बाईनं... ती थांबली होती का थितं?

रक्षा : मी नाही ऐकलं. तुम्ही ऐकलं.

तानबा : थांबली होती. बासरी थांबली, ढोलकी थांबली, सगळेच थांबले. भैय्याजी सुपारी कातरता कातरता थांबला. म्हणे, काय जागा घेतली बाईनं.

रक्षा : तीच, जिच्यासाठी तुम्हाला नापास केलं.

तानबा : तेच. माही लय तुटते, अन् तिची जागा होते.

अनुसयाबाई : चांगलं म्हटलं का रे त्या पोरीनं?

तानबा : चांगलं म्हटलं, माय. खोटं काऊन बोलू. गोड गळा हाये.

अनुसयाबाई : मंग तिले शिव्या नको देऊ कागदात.

तानबा : तिले नाई देत. रक्षा, पहिलं सगळं खोड. चोर खोड. मायची चाल खोड.

रक्षा : मग उरलं काय?

तानबा : आता लिही. चाल गिरडच्या आंधळ्या फकिराची हाये. त्याच्याकडून मायनं घेतली, मायकडून सीताबाईच्या सासूनं घेतली. ज्याले आवडली त्यानं न्यावी, आमची तक्रार नाई. लिहिलं?

रक्षा : लिहिलं.

तानबा : पण तुमची बाई ओळीच्या मधात एक मूठ थांबते. ती जागा फकिराची नोहे, भजनाची नोहे. ती आंजीच्या अनुसयाबाईची हाये, तिच्या डाव्या हाताची. मार्चात मी थितं थांबलो तं तुम्ही मले इचारलं, काऊन थांबता. मले तवा सांगता आलं नाई. आता सांगून राह्यलो. खाली सही माही नको, माय अंगठा देईल.

रक्षा : आणि शेवटी? 'कळावे, आपला विश्वासू'?

तानबा : नाई. शेवटी लिही, आता मी तुमाले इचारतो. तुमच्या बाईच्या हातात मूठ नोहती, समोर जातं नोहतं. मंग ती थितं काऊन थांबली, तेवढं लेखी कळवा.