कूलरसमोरचं झाड

—मेलं म्हणता? थांबा मॅडम, कुंडी इकडं द्या, पाहू द्या मले. ही पीस लिली ह्याच नर्सरीतून मीच दिली होती ना तुम्हाले, एप्रिलात? कुठं ठेवली होती? हॉलमध्ये—ते समजलं जी, हॉलमध्ये कुठं? कूलरसमोर! वा! काहून, तिले गरम होते म्हणून? अन् पाणी? सकाळ-संध्याकाळ! हे घ्या, मुळ्यांचा वास घ्या—घ्या ना, नाक काहून मुरडता, तुमच्याच हातची करणी आहे. सडल्या. पूर्ण नागपूर हेच करते. बाहेर शेहेचाळीस, आपलाच जीव कासावीस, मग ओता झाडावर लोटाभर पाणी! अन् खिडकीत कूलर बसवला की चार महिने उजेड बंद, घरात सारी ओल, माती वाळतच नाही. तरी बाई आपली घालूनच राहिली!

काय म्हणता? पानं लटकली म्हणून घातलं? तिथंच तर माणूस फसते जी. तहानलेलं झाड मान टाकते अन् पाण्यानं सडलेलंही मान टाकते, दिसायले दोन्ही सारखीच. मातीत बोट घालून पाहायचं असते, दोन पेरं—ओलं लागलं तर हात मागं घ्यायचा. पण राहवते का आपल्याले? —किती वाजले? सव्वातीन? बरं.

ते नर्सरीच्या मागचं घर माझंच. तो कूलर घरघर करून राहिला ना, त्या खोलीत सोनिका आहे, माझी पोरगी. दिवाळीत सोडचिठ्ठी झाली, तवापासून माझ्याजवळच. रडली-गिडली नाही, चूपच. चूप दिसली की मी चहा न्यायची. तरी चूप, तर शिरा. मैत्रिणी बोलावल्या, रामटेकले नेलं, त्या लग्नं जमवणाऱ्या कांताबाईले सांगून दोन स्थळंही आणली—नव्हती आणायची, समजते आता! काल म्हणे, आई, भंडाऱ्याले नोकरी लागली, खोली पाहिली, उद्या चारची बस. म्हटलं, अवं, भंडारा काय लंडन आहे? रोज लोक जाणं-येणं करतात! तर म्हणे, आई, इतका शिरा आणला तू, एकदा तरी इचारलं का, भूक आहे का म्हणून? असं म्हणे मले! अन् मी तिच्यासाठी... जाऊ द्या.

दुसरं झाड? हे स्नेक प्लांट न्या. कमी उजेडात राहते, दोन हप्ते विसरलं तरी रुसत नाही. कूलरपासून दूर ठेवा, पानं ओल्या फडक्यानं पुसा, बस्स. पण विसरता येईल ना तुम्हाले? मले नाही येत. सकाळपासून तीनदा तिच्यासाठी डबा भरला अन् दोनदा रिकामा केला. तो पाहा, टेबलावर. लाज वाटते, पण खरं सांगते, ती गेल्यावर त्या खोलीत मी काय करू, हेच समजत नाही मले. जाऊन भेटा म्हणता? नाही जी, मी नाही जात. गेली तर डबा घेऊनच जाईन, आपला सोभाव माहीत आहे मले. अन् आज तिनं डबा परत केला ना, तर—

थांबा. बोलू नका.

कूलर बंद झाला.

तिनंच केला. निघाली. —ते नवं झाड उचला तुम्ही, मेल्याची कुंडी राहू द्या इथंच. नाही, डबा नका देऊ मले. राहू द्या टेबलावर. अशीच जाते, मातीच्या हातानं. जा मॅडम तुम्ही, अन् फाटक ओढून घ्या जातानी.