मऊ विकत मिळत नाही

मंडळी, टाळ थांबवून एक गोष्ट सांगतो, नीट बसा. मागची मंडळी पंख्याखाली सरकताय, ते दिसतंय मला! एक विचारतो. माया ओळखायची कशावरून? जे चमकतं त्यावरून, की अंगाला सोसतं त्यावरून?

ऐका. खानदेशातलं गाव, वैशाखाचे दिवस. शालनला बऱ्याच वर्षांनी लेक झाली. आता आपली रीत काय? बारशापर्यंत बाळाला नवं घालायचं नाही. जुनेर, म्हणजे नेसून नेसून मऊ झालेलं सुती लुगडं, त्याचीच झबली! सासूनं, अनसूयाबाईंनी, ती हातानं शिवून ठेवली. पण शालनचं बालपण लोकांच्या उतरलेल्या कपड्यांत गेलेलं. ती म्हणाली, "आत्याबाई, माझ्या लेकीला जुनं नको." अन् मागवली झुळझुळीत सॅटिनची झबली — लेस काय, मोती काय! बाळ अगदी दुकानातली बाहुली. फरक एवढाच, की बाहुली रडत नाही!

अन् हे रडणं थांबेना. पाठ लालबुंद, मानेत घामोळं. दोन घोट घेतले की अंग ताठ करायचं. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या — सगळं घर ठसकलं, बाळ आणखी रडलं! शेजारीण बोलली, "आईचंच दूध बाधतंय. तोडा ते, वरचं सुरू करा." शालनच्या काळजात चर्र झालं. एवढ्या वर्षांनी कूस उजवली, अन् माझंच दूध लेकीला नको?

तिनं बाळाला पोटाशी धरलं. झबलं वरून कोरडं. आत हात घातला तर पाठ ओलीगच्च! जाईल कुठं हो घाम? तसलं कापड घाम पीतच नाही. तिनं ते काढलं अन् सासूपुढं उभी राहिली. "आत्याबाई, चुकले मी. तुमचं झबलं द्या."

टोमणा मारायला केवढी जागा! तुम्ही सोडली असती का? अनसूयाबाईंनी आपलं झबलं आणून बाळाला घातलं. घाम टिपला गेला, अंग निवलं, लेक पोटभर प्यायली अन् निजली.

शालन कापडावरून हात फिरवत म्हणाली, "किती मऊ हो. फार जुनं असेल लुगडं?"

"जुनं कुठलं," सासू म्हणाली. "तुला दिवस गेलेले कळले, तेव्हा नवंच घेतलं. रोज तेच नेसले, रोज धुतलं. मऊ विकत मिळत नाही बाई, नेसून करावं लागतं."

शालननं सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं अन् पोटभर रडली.

मंडळी, तुमच्या अंगाला लागलेलं पहिलं कापडही असंच कुणीतरी झिजवलं होतं. त्याचा खरखरीतपणा आधी स्वतःच्या अंगावर घेतला होता. त्या माउलीचं नाव ठाऊक आहे? असेल तर आत्ता मनात घ्या. नसेल तर घरी जाऊन विचारा. तोवर माझा टाळ थांबलेला बरा.